मदत हवी आहे: जुनं पान सापडलं, पण वाचता येत नाही

घाईत_आहे
रविवारी बाबांची पंचाहत्तरी. त्यांनी पूर्वी नेटवर कविता टाकल्या होत्या, ती साइट कधीच बंद पडली. वेबॅक मशीनवर (जुनी वेबपानं जतन करणारी साइट) पान मिळालं, पण सगळा कचरा दिसतोय. लवकर सांगा.

खटपट्या
कचरा म्हणजे? चौकोन, प्रश्नचिन्हं की इंग्रजी अक्षरं? कुठल्या सालचं पान? पत्ता द्या.

जुनाजाणता
जिओसिटीज (फुकट पानं बनवून द्यायचे ते) असेल तर वेबॅकखेरीज आणखीही एक जागा आहे. २००९ मध्ये ते बंद होताना आर्काइव्ह टीम नावाच्या हौशी मंडळींनी जमेल तेवढं उतरवलं आणि पुढच्या वर्षी टोरेंटवर टाकलं. सहाशे जीबीहून जास्त! आमच्या वेळचं नेट म्हणजे...

घाईत_आहे
जिओसिटीज नाही हो. आणि पान मिळालंय म्हटलं ना! पत्ता देत नाही, त्यात बाबांचं नाव आहे. इंग्रजी अक्षरं, मध्येच कंस न् स्वल्पविराम. २००२.

नाशिककरीण
बाबांकडे वही असेल की.

घाईत_आहे
सव्वीस जुलैच्या पाण्यात गेली. शिवाय त्यांना कळू द्यायचं नाहीये.

नाशिककरीण
अरेरे. मी तर सगळ्याचं प्रिंट काढून फायलीत लावते. कागदाला पासवर्ड लागत नाही.

खटपट्या
ताई, कागदही त्याच पाण्यात गेला असता.
२००२ म्हणजे मराठीत युनिकोड, म्हणजे कुठल्याही संगणकावर अक्षरं सारखीच ओळखणारी पद्धत, रुळण्याआधीचं. तेव्हाच्या फॉण्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठीचे तुकडे बसवलेले असत. पान जतन झालं, फॉण्ट राहिला वाचणाऱ्याच्या संगणकावर. लॅपटॉपवर पान उघडून कंट्रोल-यू दाबा, पानामागचा कोड दिसेल, त्यात 'फॉण्ट फेस' (font face) शोधा, पुढेच नाव असेल. तो फॉण्ट मिळवून लॅपटॉपवर टाका. मोबाइलच्या नादी लागू नका.

जुनाजाणता
एवढा उपद्व्याप कशाला? कन्व्हर्टरने सरळ युनिकोड करा.

खटपट्या
कन्व्हर्टरलाही फॉण्टचं नाव सांगावंच लागतं, साहेब.

घाईत_आहे
शिवाजी०१ निघाला. टाकला. दिसलं!!! कन्व्हर्टरमध्ये मात्र पहिली वेलांटी भलत्याच अक्षरावर बसते आणि रफार गायब.

खटपट्या
ते हातानेच. मूळ पान शेजारी उघडं ठेवा. काही पानं उघडत नसतील तर वेबॅकच्या वरच्या पट्टीतल्या दुसऱ्या तारखा बघा, एकीला सुटलेलं दुसरीला सापडतं.

नाशिककरीण
एखादी कविता टाका ना इथे.

घाईत_आहे
बाबांना विचारून, रविवारनंतर. अजून अकरा कवितांचे रफार लावायचेत.