को-पे थकला म्हणून तपासायला नकार देऊ शकतात का? (अमेरिका)

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असते, आज गरज पडली म्हणून लिहितेय.

नवऱ्याला दमा आहे. इन्शुरन्स त्याच्या कंपनीचा, पण यंदा प्लॅन बदलला आणि स्पेशालिस्टचा को-पे (दर भेटीला आपण खिशातून द्यायचा ठरलेला वाटा) ६० डॉलर झाला, इमर्जन्सीचा ३५०. त्यातच माझी नोकरी गेली. फुप्फुसांच्या डॉक्टरांकडचे तीन को-पे थकलेत. परवा अपॉइंटमेंटसाठी फोन केला, तर रिसेप्शनवरची बाई म्हणाली, आधी मागचे १८० भरा, मग तारीख देते.

तेही एक वेळ समजू शकते. खरा घोर वेगळाच आहे. गेल्या आठवड्यात रात्री दोनला त्याला जोरात धाप लागली. मी गाडीची किल्ली घेऊन उभी आणि हा नेब्युलायझर तोंडाला लावून हातानेच 'नको, नको' करतोय. मार्चमधले इमर्जन्सीचे ३५० अजून द्यायचेत, त्यामुळे तिथे दारातूनच परत पाठवतील असं त्याच्या डोक्यात बसलंय. पहाट कशी झाली ते माझं मला माहीत.

खरंच परत पाठवू शकतात का? आणि या थकबाकीचं काय करू?

प्रतिसाद १
ताई, धाप लागली तर सरळ ९११ किंवा इमर्जन्सी. बाकी सगळं नंतर. १९८६ चा एम्टाला नावाचा कायदा आहे. मेडिकेअर (मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी विमा) घेणाऱ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत (म्हणजे जवळपास सगळ्याच) आलेल्या माणसाला तपासावं लागतं आणि तब्येत स्थिर होईपर्यंत उपचार द्यावेच लागतात. आधीची बाकी असो नसो. पैशांच्या चौकशीपायी तपासणी लांबवणंही चालत नाही. बिल मात्र येतं, ते माफ होत नाही. हे नवऱ्याला वाचून दाखवा.

प्रतिसाद २
मी बिलिंगमध्ये काम करते. खाजगी दवाखान्याला हा कायदा लागू नाही, तातडीची नसलेली अपॉइंटमेंट ते बाकीसाठी अडवू शकतात. पण रिसेप्शनशी वाद घालू नका, तिच्या हातात काही नसतं. बिलिंगवाल्यांना गाठा आणि महिना २० डॉलरचा हप्ता मागा, बहुतेक जण देतात. 'को-पे सोडून द्या' असं सरसकट कुणालाच करता येत नाही, इन्शुरन्सशी करार असतो. खरी अडचण लेखी दाखवली तर एखाद्या पेशंटपुरता विचार होतो.

३५० चं हॉस्पिटल ना-नफा आहे का ते बघा. असेल तर त्यांच्याकडे लेखी आर्थिक मदत धोरण असणं कायद्याने बंधनकारक आहे. पहिल्या बिलापासून २४० दिवस अर्ज करता येतो आणि पहिले १२० दिवस ते क्रेडिट रिपोर्टला लावू शकत नाहीत. इन्शुरन्स असलेल्यांचा को-पे त्यात बसतो की नाही हे प्रत्येक हॉस्पिटलचं वेगळं, म्हणून धोरणाची प्रतच मागा. फोनवर 'तुम्हाला नाही मिळणार' म्हणाले तरी अर्ज टाकाच. आमच्याकडे असे नाही म्हटलेले कितीतरी मंजूर झालेत.

धागाकर्ती
खूप आभार. हॉस्पिटल ना-नफाच निघालं, बिल मार्चअखेरचं, म्हणजे मुदत आहे अजून. पण ग्रीन कार्डचा अर्ज चालू आहे. ही मदत घेतली तर तिकडे अडेल का?

प्रतिसाद १
हॉस्पिटलची सवलत म्हणजे सरकारी मदत नव्हे. तरी ग्रीन कार्डसाठी वकील केला असेल तर एक ओळ त्याला टाका, इथल्या आमच्या शब्दावर राहू नका.

प्रतिसाद ३
सरकारी अनुदानावरचं कम्युनिटी हेल्थ सेंटर शोधा. तिथे फी उत्पन्नाप्रमाणे लागते, इन्शुरन्स असला तरी चालतं, आणि पैसे नाहीत म्हणून परत पाठवत नाहीत. स्पेशालिस्ट मिळेलच असं नाही, पण इनहेलरचं प्रिस्क्रिप्शन अडणार नाही. इनहेलर महाग पडत असेल तर कंपनीच्या साइटवर को-पे कार्ड असतं, नोकरीच्या इन्शुरन्सवर चालतं ते.

धागाकर्ती
फॉर्म मागवलाय. दवाखान्याने महिना ३० डॉलरवर ऐकलं, तारीख पुढच्या गुरुवारची. प्रतिसाद १ नवऱ्याला वाचून दाखवला. 'बघू' म्हणाला. गाडीची किल्ली आता उशाशी ठेवते.