विषय: डिलनची सहल आणि व्हॅनचा चढावरचा त्रास

प्रेषक: वाहन समिती

सप्रेम नमस्कार.
गेल्या शनिवारी डेन्व्हरहून डिलनला (कोलोरॅडो) सहलीची जागा पाहायला जाताना डोंगरातल्या जॉर्जटाऊनपुढे सिल्व्हर प्लूमचा चढ लागताच व्हॅनची ताकद एकाएकी गेली. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबूनही वेग ताशी २५ मैलांवर उतरला. कडेला थोडा वेळ थांबल्यावर ती काही अंतर व्यवस्थित चढली आणि पुन्हा तोच प्रकार झाला. इंजिन तापलेले नव्हते. चेक इंजिनचा दिवा लागला असून गाडीच्या संगणकातून पी ०४२० आणि पी ०१७१ असे दोन दोष-कोड मिळाले आहेत. गॅरेजवाल्यांनी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (इंजिनाच्या धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) बदलायला सांगितले आहे. टेबले, पातेली आणि स्पीकर याच व्हॅनमधून जाणार असल्याने खर्चाला गुरुवारपर्यंत मंजुरी मिळावी.

प्रेषक: खजिनदार

कन्व्हर्टर ही या व्हॅनवरची सर्वांत महाग दुरुस्ती ठरेल आणि एवढी रक्कम कार्यकारिणीच्या ठरावाशिवाय देता येणार नाही. ब्रेकच्या बिलानंतर हे आपण सर्वांनी मिळून ठरवले होते. शिवाय उंचीवर हवा विरळ होते व प्रत्येक गाडी मंदावते. दुरुस्ती खरोखर आवश्यक आहे का, हे आधी स्पष्ट व्हावे.

प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद

कसारा घाटात आमची ॲम्बॅसडर अशीच बसत असे. पेट्रोलची वाफ होऊन नळीत अडते, हे ओळखून वडील पंपावर ओले फडके टाकत आणि गाडी पुन्हा चालू लागे. थांबल्यावर व्हॅन सुधारली, यावरून मला तेच कारण दिसते.

प्रेषक: वाहन समितीचे माजी सदस्य

खजिनदारांचा उंचीचा मुद्दा बरोबर आहे, पण तो या लक्षणाला पुरत नाही. टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा) नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांमागे ढोबळमानाने ३ टक्के घटते. डेन्व्हर ५,२८० फुटांवर आणि डिलनच्या वाटेवरचा आयझेनहॉवर बोगदा सुमारे ११,१५० फुटांवर आहे, म्हणजे वाटेत आणखी १८ टक्क्यांच्या आसपास घट होते आणि तीही हळूहळू. थोडे थांबल्याने उंची काही कमी होत नाही. मग ताकद परत आली ती कशामुळे, याचे उत्तर शोधायला हवे.

काकांच्या ॲम्बॅसडरमध्ये कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा जुन्या गाड्यांतला भाग) होता आणि पंप तापलेल्या इंजिनालाच जोडलेला होता. आपल्या व्हॅनचा विजेवरचा पंप टाकीत बुडालेला असतो आणि नळीत दाब बराच असतो, त्यामुळे वाफ अडण्याचा संभव फार कमी आहे. मात्र थांबल्यावर सुधारणा होते, हे काकांनी नेमके हेरले. थकलेला पंप तापला की पुरेसा दाब देऊ शकत नाही आणि थोडा निवला की पुन्हा काही काळ काम करतो. सपाट रस्त्यावर इंजिनाला पेट्रोल कमी लागते, म्हणून तिथे हा दोष झाकला जातो.

पी ०१७१ चा अर्थ हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते, असा आहे. पंप, तुंबलेला फिल्टर, हवा मोजणारा सेन्सर किंवा कुठून तरी आत शिरणारी जादा हवा, यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. पी ०४२० मुळे कन्व्हर्टरची कार्यक्षमता घटल्याचे कळते. तो तुंबला आहे, हे त्यावरून सिद्ध होत नाही. तुंबलेला कन्व्हर्टर सहसा थोडा वेळ थांबून मोकळाही होत नाही. मूळ दोष तसाच ठेवून नवा कन्व्हर्टर बसवला आणि मिसफायर (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणे) होत राहिले, तर तोही खराब होईल. म्हणून इंधनाचा दाब गेज लावून, आणि तोही चढावर गाडी चालवताना, मोजून घ्यावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. त्या वेळी टाकीत पेट्रोल किती होते? पंपाला थंड ठेवण्याचे काम तेच करते.

प्रेषक: वाहन समिती

टाकी पाव भागाहूनही कमी भरलेली होती. दाब मोजायला गॅरेजने बुधवारची वेळ दिली आहे. गाडी कोणत्या गॅरेजला न्यायची हा निर्णय मात्र आमच्या समितीचाच राहील, याची कृपया नोंद घ्यावी.

प्रेषक: खजिनदार

तपासणीचे शुल्क ठरावाविना देता येईल. कन्व्हर्टरचा विषय दाबाचे आकडे हाती आल्यावरच कार्यकारिणीपुढे ठेवावा. व्हॅन तयार झाली नाही तर सामानासाठी ट्रक भाड्याने घ्यावा. जॉर्जटाऊनच्या पुढे भरलेली व्हॅन बंद पडण्याचा धोका मला पत्करायचा नाही.