मदत हवी आहे : मुंबई ते गोवा शिडाच्या बोटीने, रात्रीचा नांगर कुठे टाकावा?

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत मुंबईहून गोव्याला शिडाच्या यॉटने जायचा बेत आहे. कप्तान मुरलेले आहेत, बाकी आम्ही सगळे शिकाऊ. म्हणून दिवसा चालायचं आणि अंधाराच्या आत नांगर टाकायचा, एवढं पक्कं.

मुक्काम असे धरलेत : राजपुरीची खाडी (म्हणजे जंजिरा), हर्णै, जयगड, विजयदुर्ग, मालवण. बरेचसे टप्पे 30-35 सागरी मैलांचे आहेत, पण जयगड ते विजयदुर्ग जवळजवळ 45. सकाळचा मतलई वारा (जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा) पडला की दुपारी वायव्येचा सुटेपर्यंत बोट जागची हलत नाही. इंजिन आहे, पण सारखं तेच चालवलं तर शिकणार काय, कपाळ? मग हा टप्पा रत्नागिरीला तोडावा का? तिथल्या मिरकरवाडा बंदरातल्या मच्छीमार बोटींच्या गर्दीत यॉटला जागा मिळते का?

दुसरं हर्णैचं. संध्याकाळी वायव्येचा जोर असताना सुवर्णदुर्ग आणि किनारा यांच्यामध्ये झोप लागण्याइतकं शांत पाणी असतं, की सरळ दाभोळच्या खाडीत शिरावं? आमची कील (बोटीच्या तळाचा खाली उतरलेला भाग) पाण्याखाली 1.8 मीटर जाते, त्यामुळे खाडीच्या तोंडावरच्या वाळूची धास्ती आहे. ओहोटीला आत जाता येतं का?

मालवणला सिंधुदुर्गाभोवती खडकच खडक. तिथे नवख्यांनी स्थानिक तांडेल (तिथलं पाणी जाणणारा नाखवा) सोबत घ्यावा, असं मला वाटतं. कोणी ओळखीचे असतील तर कृपया इनबॉक्समध्ये कळवा.