मदत हवी आहे: टिळकांच्या खटल्यातली 'स्पेशल ज्युरी' कशी निवडली जायची?

नमस्कार मंडळी. लोकमान्य टिळकांवरचा १९०८ चा राजद्रोहाचा खटला वाचतोय आणि ज्युरीपाशी अडकलोय. नऊ जणांत सात युरोपियन, दोन पारशी. कौलही सात विरुद्ध दोन. 'केसरी'तले लेख मराठी आणि ज्युरीसमोर त्यांची इंग्रजी भाषांतरं! टिळक एकेका शब्दाच्या अर्थासाठी भांडले, तरी सहा वर्षांची शिक्षा झालीच. त्यात हा खटला चालवणारे न्यायमूर्ती दावर म्हणजे १८९७ मध्ये टिळकांना जामीन मिळवून देणारे वकील. हे वाचून मी कितीतरी वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

तर, 'स्पेशल ज्युरी'ची यादी कोण करायचं, कोणत्या निकषांवर? मराठी जाणणारे ज्युरी मागण्याचा हक्क आरोपीला होता का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.