तेलविहिरीवरची पहिली नोकरी : तुम्ही कसे लागलात?

मोराबंदर

परवा भाच्याने व्हॉट्सॲपवर एक कागद पाठवला. 'मामा, रिगवर काम लागतंय, अनुभव नको, फक्त दीड लाख भरायचेत.' कागदावर तेलविहिरीचं चित्र, खाली गोल शिक्का, पत्ता नाही. त्याला म्हटलं, एक रुपया देऊ नकोस, रात्री बोलू. तो झोपला असेल, मी मात्र माझी पहिली पाळी आठवत जागा.

मी उरण तालुक्यातला, आयटीआय फिटर. सुरुवात न्हावा बेसला, ठेकेदाराकडे हेल्पर म्हणून. रिगवर, म्हणजे समुद्रात तेलविहीर खोदणाऱ्या यंत्रणेवर, जाणाऱ्या बोटी भरायच्या: ड्रिल पाइप, बराइटच्या गोण्या, भाजीपाल्याचे कंटेनर. एकदा रौस्टअबाउट, म्हणजे डेकवरचे मजूर, कमी पडले. सुपरवायझरने विचारलं, "आत जातोस का?" मुलाखत तिथेच, उभ्याउभ्या. उंचीची भीती आहे का, पितोस का, घरी कोण कोण आहे. मग मेडिकल, सर्व्हायव्हल ट्रेनिंग आणि जुहूवरून हेलिकॉप्टर. मुंबई हाय म्हणजे किनाऱ्यापासून साधारण १६० किलोमीटर. खाली नुसतं पाणी, आणि अचानक समुद्रात उभी असलेली ती लोखंडी गावं.

पहिल्याच पाळीत डेक फोरमनने हातात टॅगलाइन दिली. क्रेनने उचललेला कंटेनर फिरू नये म्हणून धरायची दोरी. तो राजमुंद्रीचा, हिंदी मोडकी, पण तीन गोष्टी त्याने नीट सांगितल्या. दोरी हाताला गुंडाळायची नाही. लोड आणि रेलिंग यांच्या मध्ये उभं राहायचं नाही. आणि तुला क्रेन ऑपरेटर दिसत नसेल, तर तूही त्याला दिसत नाहीस. कंटेनर टेकला तेव्हा माझे हातमोजे घामाने भिजले होते. मग पाळीभर पाइपांचे आटे वायर ब्रशने साफ करून डोप, म्हणजे आट्यांचं वंगण, लावत बसलो.

आमच्या रिगवर नव्या माणसाचं हेल्मेट हिरवं असायचं, म्हणजे सगळ्यांची नजर त्याच्यावर. नव्याला काम येत नाही हे तिथे सगळे धरूनच चालतात. सांगितलेलं ऐकतो का आणि न कळलेलं विचारतो का, एवढंच बघतात. भाच्याला आणि त्याच्यासारख्या पोरांना हे नीट कळावं असं फार वाटतं, म्हणून धागा. जमिनीवर, समुद्रात, देशात, बाहेर, तुम्ही कुठून आणि कसे शिरलात ते लिहा.

वृषाली_क

मी मड लॉगर. मड म्हणजे खोदताना विहिरीत फिरवतात तो चिखलासारखा द्रव, त्यातून वर आलेला चुरा मी तपासते. पुण्यात एमएस्सी जिऑलॉजी, अनुभव शून्य. मुलाखतीत दगड दाखवतील म्हणून रात्रभर खनिजं घोकली होती, पण त्यांनी लॅग टाइमचं गणित घातलं. सव्वाबारा इंची होल, पाच इंची पाइप, पंपाचे मिनिटाला इतके स्ट्रोक, तर तळातला चुरा वर यायला किती वेळ? ज्यांना मड लॉगिंगला जायचंय त्यांनी हे गणित हातात बसवाच. तो वेळ चुकला की तुमच्या हातातला दगड कुठल्या खोलीचा हेच कळत नाही.

पहिलं पोस्टिंग मेहसाणा, जमिनीवरची रिग. शेल शेकर, म्हणजे मड गाळणाऱ्या हलत्या चाळणीवरून चुरा गोळा करायचा, चाळणीत धुवायचा, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा, मग अतिनील दिव्याच्या पेटीत. वाळूचे कण पहिल्यांदा पिवळसर चमकले तेव्हा सिनियरला हाक मारली. ते म्हणाले, आधी बघ, पाइप डोप किंवा ग्रीस तर नाही ना, तेही चमकतं. नव्हतं. तेलच होतं. त्या पाळीत झोप आली नाही.

जिऑलॉजीवाल्या मुलींनो, विचारा काहीही.

वाचनमात्र

मस्त धागा. वाचतोय.

मालवणी तवा

मी गॅलीतून, म्हणजे रिगच्या स्वयंपाकघरातून शिरलो. हॉटेलात काम केलेलं, बाकी काहीच नाही. केटरिंगवाल्यांना पोरं कायम लागतात. भांडी, लाँड्री, केबिन साफ करणं, पुढे किचनमध्ये. रिग चोवीस तास चालते, पाळी बारा तासांची, त्यामुळे मध्यरात्रीचंही पूर्ण जेवण. फ्लोअरवरची, म्हणजे प्रत्यक्ष ड्रिलिंग चालतं तिथली पोरं चिखलाने माखलेली येत, त्यांना गरम चपाती दिली की चेहरा बदलायचा.

रिकाम्या वेळात डेकवाल्यांशी बोलायचो. क्रेनचे हातवारे तिथेच शिकलो. पुढे ठेकेदाराला रौस्टअबाउट हवा होता, टूलपुशर, म्हणजे ड्रिलिंगचा प्रमुख, म्हणाला हा पोरगा चालेल. आज मी फ्लोअरवर आहे. गॅलीत काम करायला कमीपणा मानू नका. मेडिकल तेच, सर्व्हायव्हल तेच, आणि सगळ्या रिगला तुमचं नाव माहीत असतं.

गौरीची आई

तवा, बांगडा मिळायचा का हो तिथे?

मालवणी तवा

फ्रोजन यायचा. ताजा नाही. रिगच्या पायांभोवती मासळीचे थवे दिसायचे, बघत बसायचं फक्त.

करंजेकर

ह्यावर लिहायलाच हवं. आमचं घर मच्छीमारांचं. प्लॅटफॉर्मच्या ५०० मीटरच्या आत बोट नेता येत नाही, आणि मासळी नेमकी तिथे. बाबा आयुष्यभर लांबून वळसा घालत आले. मी त्याच समुद्रात प्लॅटफॉर्मवर स्कॅफोल्डर (परांची बांधणारा) म्हणून लागलो तेव्हा ते खूप दिवस नीट बोलले नाहीत. नंतर एकदा विचारलं, वरून आपली बोट दिसते का रे? म्हटलं दिसते, रंगावरून ओळखतो. तेव्हापासून ठीक आहे.

कोळ्यांच्या पोरांना एक सांगणं: पाणी माहीत असणं हा अनुभवच आहे, मुलाखतीत बोला. बार्ज (सपाट तळाची मोठी कामाची नौका) किंवा सप्लाय बोटीवर जायचं असेल तर सीडीसी, म्हणजे खलाशाचं ओळखपुस्तक, आणि एसटीसीडब्ल्यूचे, म्हणजे जहाजावरच्या सुरक्षेचे, बेसिक कोर्स लागतात. पैसे भरण्याआधी संस्था डीजी शिपिंग या सरकारी जहाज खात्याच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का ते बघा.

सागर_नि

मला बोट लागते. एसटीतसुद्धा. रिगवर जमेल का? डिप्लोमा मेकॅनिकल, शेवटचं वर्ष.

मोराबंदर

सागर, जॅक-अप रिगला पाय असतात, ते समुद्राच्या तळावर टेकवून रिग पाण्याच्या वर उचलतात. ती हलत नाही. सागर सम्राट अशीच होती, १९७४ मध्ये मुंबई हायचं तेल तिनेच शोधलं. तरंगत्या ड्रिलशिपवर मात्र हलणं आलंच. आधी जॅक-अप बघ.

सागर_नि

थँक्यू दादा!! आणि हेलिकॉप्टरचं ते पाण्यातलं ट्रेनिंग? पोहता येत नाही.

वृषाली_क

ह्युएट म्हणतात त्याला. पोहता न येणारेही करतात. हेलिकॉप्टरच्या केबिनसारखा सांगाडा, त्यात पट्टा लावून बसवतात आणि तलावात सोडतात. आधी सरळ, मग उलटा. एक हात पट्ट्याच्या बकलवर, दुसरा खिडकीच्या कडेवर. पाणी भरतं, सगळं फिरतं, नाकात पाणी जातं. फिरणं थांबेपर्यंत हलायचं नाही. मग खिडकी ढकलायची, कडेवरचा हात न सोडता पट्टा काढायचा आणि त्या हाताच्या दिशेने बाहेर. हात सोडला तर खालीवर काही कळत नाही. डायव्हर शेजारी असतो, घाबरू नकोस. मी बाहेर आल्यावर रडले होते आणि लगेच दुसऱ्या फेरीला गेले.

गोव्यात बेतुलला ओएनजीसीची सुरक्षा प्रशिक्षण संस्था आहे, सर्व्हायव्हल ट्रेनिंग तिथेही होतं. बाकी खासगी केंद्रंही आहेत. पण आधी स्वतःच्या खिशातून करू नकोस, नोकरी पक्की झाली की बऱ्याच कंपन्या पाठवतात.

स्मिता पनवेल

लेकरांनो, ट्रेनिंग मन लावून करा एवढंच सांगायला आले. तौक्ते वादळ आलं तेव्हा माझा धाकटा दीर बार्जवर होता, वेल्डर. १७ मे २०२१ ला पी-३०५ हा बार्ज बुडाला, २६१ माणसं होती त्यावर. आमचा दुसऱ्या बार्जवर होता, पण फोन लागत नव्हता आणि टीव्हीवर सगळे बार्ज सारखेच दिसत होते. सासूबाई देवासमोरून उठल्या नाहीत. तो सुखरूप आला. ज्यांची आली नाहीत त्यांच्या घरी काय झालं असेल. लाइफ जॅकेट कसं बांधायचं हे त्याने घरी आल्यावर माझ्या मुलांना शिकवलं.

गौरीची आई

स्मिता, वाचूनच पोटात गोळा आला. दीर आता कसे आहेत?

स्मिता पनवेल

पुन्हा गेला ग. आता वॉर्निंग आली की लवकर बंदरात आणतात म्हणतो.

बर्फाळ

कॅल्गरीहून. इथे तेलक्षेत्रात अगदी खालची जागा म्हणजे लीजहँड. रिगच्या आवारातलं पडेल ते काम: बर्फ काढणं, धुणं, पाइप हलवणं, मडची पोती फोडणं. मी पुण्यात आयटीत होतो. पीआर (कायम राहण्याचा परवाना) घेऊन आलो, नोकरी गेली आणि थंडीत हे घेतलं. इथे हंगाम हिवाळ्याचा, कारण दलदल गोठल्याशिवाय उत्तर अल्बर्टात जड गाड्या जात नाहीत. वसंतात बर्फ वितळला की रस्त्यांवर वजनबंदी आणि बहुतेक रिगा बंद. म्हणून अर्ज पानगळीत करायचे, मे महिन्यात नाही.

विचारलं काय? गाडीचं लायसन्स, फर्स्ट एड आणि 'एचटूएस अलाइव्ह' नावाचा एक दिवसाचा कोर्स. बाकी शिक्षणाचं कुणी विचारलं नाही. एचटूएस म्हणजे हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू, आधी सडक्या अंड्यासारखा वास देतो आणि प्रमाण वाढलं की वासच बंद होतो. वास गेला म्हणजे वायू गेला असं समजून माणसं मेली आहेत. कोर्समध्ये हे ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला. हवेहून जड असतो, खड्ड्यात साचतो. म्हणून रिगवर पोचल्यावर आधी विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी, बघतो मी, आजही.

आणि भारतात बसून कॅनडाच्या रिगवरची नोकरी पैसे घेऊन देतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. अल्बर्टात नोकरी लावून देण्यासाठी कामगाराकडून पैसे घेण्याला कायद्याने मनाई आहे. त्या भाच्याला हे आवर्जून सांगा.

मोराबंदर

वाचून दाखवलं त्याला. फार उपयोग झाला.

रत्नागिरी ८

आखाताचं मी सांगतो. ओमानला रिगर (जड सामान बांधून उचलणारा) म्हणून होतो. एजंट नोंदणीकृत आहे का ते ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर बघायचं, परवाना क्रमांक टाकून. त्याला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी घेता येतात, पावतीसकट. आमच्या गावातल्या एकाकडून त्याच्या कितीतरी पट घेतले, तिथे गेल्यावर रिग नाहीच, रस्त्याचं खोदकाम. पोरगा वर्षभर अडकला, पासपोर्ट दुसऱ्याच्या ताब्यात. आईने दागिने मोडले होते. मला अजून राग येतो.

दहावी नसेल तर पासपोर्ट ईसीआर, म्हणजे परवानगी लागणारा, असतो आणि आखाती देशांत कामाला जाताना इमिग्रेशन क्लिअरन्स लागतो. त्यात तुमचंच संरक्षण आहे, टाळू नका. व्हिजिट व्हिसावर कामाला तर अजिबात जाऊ नका.

उरणचा_मी

मोराबंदर, तुम्ही नक्की कुठले? आम्ही भाऊच्या धक्क्यावरून लाँचने मोऱ्याला उतरायचो. आता उरणला लोकल आली, जानेवारी २०२४ पासून. पोरांना नेरुळ-बेलापूरला मुलाखतीला जाणं किती सोपं झालं.

मोराबंदर

मोऱ्याचाच! भरती-ओहोटी बघून लाँच पकडायची. व्यक्तिगत निरोप करा.

प्र. देशमुख

ओएनजीसीत थेट लागायचं असेल तर अप्रेंटिसशिपच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. फिटर, इलेक्ट्रिशियन, डिझेल मेकॅनिक, वेल्डर असे ट्रेड असतात, वर्षभर स्टायपेंड मिळतो. कायम नोकरीची हमी नाही, पण ते प्रमाणपत्र ठेकेदारांकडे चालतं. असिस्टंट रिगमनसारखी पदं निघतात तेव्हा शारीरिक चाचणीही असते, आतापासून धावायला लागा. जमिनीवरच्या रिगा कायद्याने खाणीत धरतात, म्हणून तिथे एमव्हीटी, म्हणजे खाणकामाचं प्रशिक्षण, आणि फॉर्म 'ओ'चं, म्हणजे खाण कामगारांसाठीचं, मेडिकल मागतात. ह्या कागदांच्या साक्षांकित प्रती फाइलमध्ये तयार ठेवा. ठेकेदाराचा फोन संध्याकाळी येतो आणि माणूस सकाळी हवा असतो. ज्याची फाइल तयार तो जातो, हे मी भरतीच्या बाजूला बसून कित्येकदा पाहिलंय.

गौरीची आई

गौरी केमिकल डिप्लोमाला आहे. मुलींना मड इंजिनियर होता येतं का? वृषाली सांगशील?

वृषाली_क

हो काकू, नक्की. मडची घनता, चिकटपणा, पीएच सारखं मोजत राहायचं असतं, केमिकलवालीला ते लगेच जमेल. मड केमिकल्सच्या कंपन्यांत आधी लॅबमध्ये अर्ज करू दे. राहण्याची सोय आधी विचारून घ्या, रिगप्रमाणे फरक असतो. तिला माझ्याशी बोलायला सांगा, पाळी संपली की करते फोन.

सागर_नि

अजून एक विचारू? दाढी ठेवलेली चालते का?

बर्फाळ

एचटूएसच्या रिगवर नाही. मास्क चेहऱ्याला घट्ट बसावा लागतो, केसांतून फट राहते. पाळीआधी रोज दाढी. चष्मा असेल तर तेही आधी सांग. काड्यांमुळे तशीच फट राहते, मास्कच्या आत बसणारी वेगळी फ्रेम मिळते, ती मागवायला वेळ लागतो.