अनुभव धागा : आपल्या सोलापूरच्या शशिकला

४ ऑगस्ट १९३२ रोजी सोलापुरात जन्मलेल्या शशिकला जवळकर लहानपणी जिल्ह्यातील गावोगावी रंगमंचावर नाचत आणि गात असत. वडिलांचा व्यवसाय बुडाल्यावर कुटुंब मुंबईला गेले आणि नूरजहाँ यांच्यामुळे त्यांना ‘झीनत’ (१९४५) या चित्रपटातील कव्वालीत संधी मिळाली. त्यांच्या भूमिका आपण कशा पाहिल्या, हे सोलापूरकरांनी येथे सविस्तर लिहावे, ही विनंती.

निवृत्त शिक्षिका, साखर पेठ : आमच्या तेलुगूभाषक घरात हिंदी संवाद निम्मेच समजत, तरीही ‘आरती’मधील जसवंती पडद्यावर आली की आजीचा संताप अनावर होई. एका छताखाली माग आणि चार जावांचा संसार सांभाळलेल्या तिला ही थोरली जाऊ आपल्याच गल्लीतली वाटे. ती बाई सोलापूरची आहे, हे तिने अखेरपर्यंत मान्य केले नाही. या भूमिकेसाठी शशिकलाबाईंना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला.

निवृत्त गिरणी कारकून, मुरारजी पेठ : मला ‘गुमराह’ (१९६३) अधिक महत्त्वाचा वाटतो. बी. आर. चोप्रा यांच्या या चित्रपटात त्या नायिकेला धमकावून पैसे उकळणारी लीला रॉय झाल्या आहेत. मात्र ती नायिकेच्या पतीचीच सेक्रेटरी असून त्याच्या सांगण्यावरून हे करीत होती, असे शेवटी उलगडते. म्हणजे या पात्राला चित्रपटभर सोंग वठवायचे आहे आणि तरीही प्रेक्षकाला त्याची चाहूल लागता कामा नये. शेवट ठाऊक असूनही मी तो पुन्हा पाहिला, तेव्हा तिच्या आगमनाबरोबर नायिकेइतकाच मीही धास्तावलो. याही भूमिकेला फिल्मफेअर मिळाला. लागोपाठ दोन वर्षे, आणि दोन्ही अगदी योग्य. अशा अभिनेत्रीला केवळ ‘व्हॅम्प’ म्हणून मोकळे होणे मला अन्यायाचे वाटते.

गृहिणी, जुळे सोलापूर : ‘अनुपमा’मधील हसरी, बडबडी अ‍ॅनी कृपया विसरू नये. अबोल नायिकेच्या शेजारी ती नसती, तर तो चित्रपट फार जड झाला असता.

परिचारिका, होटगी रस्ता : मध्यंतरी चित्रपटसृष्टीपासून दूर जाऊन शशिकलाबाईंनी मदर तेरेसा यांच्या संस्थेत रुग्णसेवा केली, हे मी वॉर्डातील एका वृद्ध रुग्णाला सांगितले, तेव्हा त्यांचा विश्वास बसेना, ‘ती बाई आजाऱ्याला पाणी तरी देईल का,’ असे त्यांनी मला विचारले. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला रोज स्वच्छ करण्याचे कष्ट मी जाणते, म्हणून २००७ साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा माझ्या मनात चित्रपटांआधी ती सेवाच आली. ४ एप्रिल २०२१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले, तेव्हा मी साथीच्या ड्यूटीवर होते. ही आठवण लिहायची तेव्हापासून राहिली होती.