जैसलमेर ते बिकानेर दोघं सायकलवर: पाणी, काटे, वारा

प्रश्न: जानेवारीत मित्रासोबत जैसलमेर–पोकरण–फलोदी–बाप–बिकानेर करायचं आहे. साधारण ३३० किमी, दोन दिवस. टायर ३५ मिमी, आत साध्या ट्यूब. पाणी किती बाळगावं? सुटं सामान काय घ्यावं?

उत्तर १: आधी दिशा उलटी करा. हिवाळ्यात थरच्या वाळवंटात वारा बहुतेक ईशान्येकडून येतो, म्हणजे तुमच्या बेतात तो दिवसभर तोंडावर. बिकानेरहून निघालात तर पाठीशी राहील. फलोदी जवळपास मध्यावर येतं, मुक्काम तिथेच करा. सूर्य साडेसातच्या सुमारास उगवतो आणि पहाटे कडाक्याची थंडी असते, तेव्हा दिवे आणि पूर्ण बोटांचे हातमोजे हवेतच.

वारा बाजूने आला की मागच्याला आडोसा तिरका मिळतो आणि तो नकळत रस्त्याच्या मध्याकडे सरकतो. हायवेवर हे जिवावर बेतेल. आडोसा सोडा, पण एकामागे एकच चालवा. ट्रक शेजारून जाताना वारा क्षणभर तुटतो आणि लगेच धक्का देतो. हँडल सैल पण पक्कं धरा.

उत्तर २: खरा त्रास काट्यांचा. बाभळीचे, विलायती बाभळीचे, शिवाय भुरट गवताचे. बहुतेक पंक्चर चालवताना नव्हे, विश्रांतीसाठी सायकल वाळूत ढकलताना होतात. डांबर सुटलं की सायकल उचलून न्या. नवी ट्यूब घालण्याआधी टायर आतून फडक्याने पुसा. काटा रुतलेला असेल तिथे फडकं अडकतं. तो राहिला तर नवी ट्यूबही जाणार. प्रत्येकी २ ट्यूब, १० पॅच आणि हातपंप घ्या. दोघांचे टायर एकाच मापाचे असतील तर ट्यूब एकमेकांना चालतील.

चेनला ओलं तेल नको, त्यात वाळू मिसळली की ते घासायची पेस्ट बनतं. मेणाचं कोरडं ल्यूब लावा, रोज संध्याकाळी चेन पुसा.

उत्तर ३: पाणी तासाला ५०० ते ७०० मिली धरा, अंगावर प्रत्येकी ३ लिटर. कोरड्या हवेत घाम लगेच उडतो, कपडे ओले होत नाहीत, म्हणून घाम येतच नाही असं वाटतं. तहानेची वाट पाहू नका, पण नुसतं पाणी ढोसूही नका, रक्तातलं सोडियम घसरतं. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण १ लिटरमध्येच मिसळा, घट्ट केलं तर पोट बिघडतं.

मित्र असंबद्ध बोलू लागला किंवा सायकल डुलायला लागली, तर त्याला विचारत बसू नका, थांबवा. एप्रिल ते जून हा बेत नकोच: १९ मे २०१६ला फलोदीत ५१ अंश नोंदले गेले आहेत.